औषधवाल्याच्या घरातला कोश

"हलत नाहीये," हे म्हणाले.

"हळू लावा. टोचू नका."

"टोचतोय कुठे? नुसता थेंब लावला. हलत नाहीये गं."

नुकतं उजाडत होतं. ह्यांच्या हातात नातीचा रंगाचा ब्रश होता, ब्रशच्या टोकाला पाण्याचा थेंब. समोर काचेची बरणी, बरणीच्या तोंडावर बांधलेलं मलमलचं फडकं अर्धवट सोडलेलं, आत लिंबाची काडी आणि काडीला चिकटलेला कोश. ओला ब्रश लागला की तो कोश शेपटाकडून एक झटका द्यायचा. झोपमोड झालेलं माणूस कूस बदलतं तसा. आज ढिम्म. रंगही उतरला होता. आधी पोपटी होता, मग मळकट झाला आणि आता सरळ गंजल्यासारखा दिसत होता.

"काळा पडला की फुलपाखरू बाहेर येतं, असं तूच मुलांना सांगितलंस ना?"

"तेव्हा आतले पंख दिसतात. असा नाही दिसत."

"मग कसा दिसतो?"

ह्यांनी ब्रश खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग खुर्चीवर बसले आणि उजवा पाय हलवायला लागले. हा पाय लग्नाच्या दिवसापासून हलतोय. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पाय हलवणाऱ्याच्या घरात स्वस्थता टिकत नाही. मी आयुष्यभर "पाय, पाय" म्हणून ओरडत आले. पाय तेवढ्यापुरता थांबतो, आणि माझी पाठ वळली की पुन्हा सुरू.

आमचे हे पेस्ट कंट्रोलचं काम करतात. पाठीला टाकी, तोंडाला फडकं, हातात नळी. झुरळं, ढेकूण, वाळवी, डास, बागेतल्या अळ्या, जे म्हणाल ते. लोक ह्यांना औषधवाले म्हणतात. कामात हे कुणाला ऐकत नाहीत. बाकीचे लोक कोपऱ्यात एक पिचकारी मारून चहाची वाट बघतात, हे कपाट सरकवून मागे मारणार, कुंड्या उचलून खाली मारणार. "मी हात राखून काम करत नाही," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. एरवी बोलणं कमीच, पण हे वाक्य पाहुण्यांना हमखास ऐकवतात.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्या धुवायच्या, भिंगं पुसायची, लेबलं लावायची, वर्गात नेऊन मांडायची. जीवशास्त्राच्या बाई शिकवायच्या आणि मी दाराशी उभी राहून ऐकायचे. काम संपलं तरी उभी राहायचे. त्यामुळे परीक्षा न देता मी तीच तीच इयत्ता इतक्या वेळा शिकले की बाई रजेवर असल्या तर पोरं मलाच विचारायची. नोकरी संपली तेव्हा भंगारात निघालेली दोन भिंगं, चिमटा आणि काही बरण्या मी मागून आणल्या. घरी बसून काय करणार? रविवारी सकाळी इमारतीतली मुलं आमच्या गॅलरीत जमायला लागली.

फार काही करत नाही आम्ही. एका कागदावर साखर, मीठ आणि पीठ अशी तीन चिमूट ठेवायची आणि मुंग्या आधी कुठे जातात ते बघायचं. पारदर्शक पिशवीच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून भिंग करायचं आणि त्यातून मेलेल्या माशीचा डोळा बघायचा. पांढरी छत्री झुडपाखाली उलटी धरायची, फांदीवर काठीने हलकेच मारायचं आणि छत्रीत काय काय पडलं ते मोजायचं. पाय मोजायचे म्हणजे मोजायचेच. सहा पाय तर कीटक. आठ असले तर तो कोळी, आणि कोळ्याला कीटक म्हटलेलं त्याला आवडत नाही, असं मी मुलांना सांगते. शेजारीण म्हणते, "काकू, तुमच्या घरात एक मारतो आणि एक पाळते. देवाचं अर्धं काम तुम्हीच करता." मी म्हणते, "पगार मात्र मारणाऱ्यालाच मिळतो."

तर अशा या घरात आमची नात राहायला आली. तिला सगळे भुंगी म्हणतात. कारण ती गुणगुणते. गाणं नव्हे, नुसतं तोंड मिटून हं हं हं. आनंदात नाही गुणगुणत ती. धाकधूक असली की गुणगुणते. परीक्षेच्या दिवशी, दाताच्या डॉक्टरकडे, आणि आता आमच्याकडे आल्यापासून सकाळ-संध्याकाळ. तिची आई, म्हणजे आमची लेक, दवाखान्यात निजून होती. पोटात बाळ, आणि डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं. आमचे जावई कामावरून तिकडे, तिकडून कामावर. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा भुंगीला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि न सांगताच तिला सगळं कळलं होतं.

आली त्या दिवशी ह्यांनी कौतुकाने तिचा गाल कुरवाळायला हात पुढे केला. तिने मान मागे घेतली. "आजोबा, तुमच्या हाताला वास येतो." पोरीच्या मनात काही नव्हतं, खरं ते बोलली. पण तेव्हापासून हे दारातच कपडे बदलायला लागले, कोपरापर्यंत हात साबणाने घासायला लागले आणि तरीही तिच्यापासून हातभर लांब बसायला लागले. मला हे बघवत नसे. सांगून उपयोग नव्हता. ह्यांनी मनाला काही लावून घेतलं की ते वाळवीसारखं आत जातं, वरून काही दिसत नाही.

अळी भुंगीनेच शोधली. मागच्या गल्लीत एका कुंपणाबाहेर लिंबाचं रोपटं वाढलंय, त्याच्याखाली छत्री धरली होती आम्ही. भुंगी ओरडली, "आजी, ही पक्ष्याची शी चालतेय." ती शी म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तशी दिसते. बरणीत आणली, रोज ताजी पानं घातली, कात टाकून ती हिरवीगार झाली. तिला बोट लावलं की डोक्यातून नारिंगी दुहेरी शिंग काढायची आणि घाण वास सोडायची. भुंगीला ते फार आवडायचं. "रागावली की वास सोडते," म्हणायची, आणि हं हं बंद व्हायचं तिचं तेवढ्या वेळ.

संध्याकाळी आईचा फोन आला की भुंगीचं बातमीपत्र. किती पानं खाल्ली, किती काळ्या गोळ्या टाकल्या, कात टाकली, कोश झाला. कोश झाल्याचं सांगितलं त्या दिवशी लेक तिकडून म्हणाली, "भुंगे, तुझं फुलपाखरू नीट बाहेर आलं ना, की समज आपलं बाळही नीट येणार."

म्हणून गेली. आईने पोरीला धीर द्यायला काहीतरी बोलावं तसं बोलली. पण भुंगीने ते गाठीला बांधलं. रविवारी मुलांनी ब्रश लावून पाहिला, कोश जरासाच हलला की नाही यावर मुलांत भांडण झालं आणि भुंगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "हलला. मी बघितलं. हलला." फुलपाखरू बाहेर यायचे दिवस तर उलटून गेले होते. आणि परवा लेकीने मला एकटीला फोन केला. म्हणाली, "आई, हसू नकोस. मीसुद्धा त्या कोशाचीच वाट बघतेय. इथे छताकडे बघत पडून डोकं चालेनासं झालंय." मी हसले नाही.

हे सगळं ह्यांना माहीत होतं. म्हणून रविवारपर्यंत दम न धरता हे पहाटे उठून ब्रश लावत बसले होते.

"भुंगीला दाखवू नकोस," हे म्हणाले.

"फडकं बांधून कपाटावर ठेवते."

भुंगी उठली, दात घासले, बरणी कुठे म्हणाली. मी म्हटलं, आज त्याला शांत राहू दे, वर ठेवलीय. तिने कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ह्यांच्या पायाकडे. पाय जोरात हलत होता. ती दूध प्याली, दप्तर घेतलं आणि जिना उतरताना तिची गुणगुण पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली.

ती गेली आणि ह्यांनी माझी पांढरी छत्री काढली.

"कुठे निघालात? काम आहे ना आज?"

"सुट्टी टाकली."

तापातसुद्धा टाकी पाठीला लावून गेलेला माणूस हा. मी बघतच राहिले.

"दुसरा कोश आणतो. लिंबाच्या झाडावर मिळतोच. या भागातलं एकेक लिंबाचं झाड मला माहीत आहे."

"आणि पोरीला फसवणार?"

"पोरीला कुठे? पोरीच्या आईसाठी आणतोय. अगं, ती तिकडे पडलीय. तिला काय सांगणार, मेला म्हणून?" चपला घालता घालता थांबले. "बरणी मी उचलायचो. हात धुवूनच उचलायचो. पण हे औषध धुवून जात नाही, मला ठाऊक आहे. कातडीत मुरतं."

"तसं काही नसतं."

"तुला काय माहीत? तुझ्या बाईंनी शिकवलं होतं का हे?"

असं बोलून गेले निघून. मी रागावायला हवं होतं, पण राग आला नाही. भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. एकदा गॅसवाल्याचा, एकदा चुकीचा नंबर. केर काढला. कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवून दर वेळी बघितलं. या घरात बेचैनी फक्त ह्यांच्या पायात आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या दिवशी माझे स्वतःचे हातसुद्धा एका जागी राहीनात.

उन्हं चढली तसा पलीकडच्या बंगल्यांवरच्या वॉचमनचा फोन आला. ह्यांनी तिथे कितीदा तरी काम केलंय, म्हणून नंबर आहे त्याच्याकडे.

"काकू, रागावू नका. काकांना बरं आहे ना?"

"का रे?"

"नाही म्हणजे, भर उन्हात उलटी छत्री धरून झाडाला काठीने मारतायत. या बंगल्यातून त्या बंगल्यात. मॅडम विचारत होत्या."

"मॅडमना सांग, फुलपाखरू शोधतायत."

वॉचमनने घाईने फोन ठेवला. त्याला आणखीच काळजी वाटली असणार.

मी गेले. टोकाच्या बंगल्याच्या बागेत हे लिंबाखाली उभे होते. सदरा घामाने चिकटलेला, हातावर काट्यांचे ओरखडे. माळी पाइपने पाणी घालत होता आणि मजा बघत होता.

"अहो काकू, तुम्ही तरी समजवा," माळी म्हणाला. "मागच्या महिन्यात काकांनीच मारलंय ना इथे. असं मारलंय की साधी मुंगी उरली नाही. दाखवा मुंगी, मी चहा पाजतो."

"गप रे," मी म्हटलं.

हे बागेच्या कठड्यावर बसले. छत्री मांडीवर आडवी घेतली. तिच्यात दोन वाळकी पानं होती, बस्स. झाडाची पानं मात्र चांगली टवटवीत होती, एकाही पानाला कुठे कुरतडल्याची खूण नव्हती. मी एवढं निरोगी झाड बघितलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"सगळीकडे हेच," हे म्हणाले. "कोपऱ्यावरच्या बंगल्यात, शाळेच्या मागे, दवाखान्याच्या कंपाउंडात. सगळं साफ आहे गं. पानाखालीसुद्धा बघितलं. मी पानाखालीसुद्धा मारतो ना."

"मागच्या गल्लीतलं रोपटं?"

"तिथे पहिल्यांदा गेलो. परवाच छाटलंय कुणीतरी."

मी शेजारी बसले. माळ्याने पाइप दुसरीकडे नेला, एवढी समज त्याला होती.

"इतक्या वर्षांत एक तक्रार नाही माझ्या कामाची," हे म्हणाले. "एक नाही." आणि छत्री मिटायला लागले. कडी बसेना. मी हात पुढे केला तर दिली नाही, स्वतःच खटपट करत बसले. मला ह्यांची इतकी कीव त्याआधी कधी आली नव्हती. आमच्या लग्नात कितीतरी प्रसंग आले, पण हा माणूस स्वतःच्या चांगल्या कामापुढे असा हात टेकून बसलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

"चला घरी. भुंगी यायची वेळ झाली."

"काय सांगायचं तिला?"

"बघू."

घरी आल्यावर हे आधी मोरीत जाऊन हात घासायला लागले. मी कपाटावरून बरणी खाली काढली. म्हटलं, पोरगी यायच्या आत काडी बाहेर काढावी, बरणी धुवून ठेवावी. उजेडात धरली आणि थांबले.

मलमलच्या फडक्यावर आतल्या बाजूने काहीतरी चालत होतं.

"अहो, इकडे या. भिंग आणा."

हे ओल्या हातांनी आले. भिंगातून पाहिलं. चिलटाएवढ्या माश्या. चिलटं नव्हेत, अंग हिरवट काळं, धातूसारखं चकाकणारं, कमरेत बारीक. काही फडक्यावर, काही काचेवर, एकमेकींना ओलांडत नुसती धावपळ. कोशाच्या अंगाला टाचणीने पाडावं तसं गोल भोक पडलं होतं. बघता बघता भोकातून आणखी एक डोकं बाहेर आलं, मिशा हलवल्या आणि अंग ओढून काढलं. सवयीने मी पाय मोजले. सहा.

"ही कुठून आली?" ह्यांनी विचारलं.

"कोशातून."

"फुलपाखराच्या कोशातून?"

"हिची आई कोशात अंडी घालून जाते. पिल्लं आत राहतात, आतलं खातात आणि मोठी होऊन निघतात. बाई दाखवायच्या मुलांना. शाळेतल्या कोशांतही होत असे असं."

हे बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे औषधाने नाही?"

"औषधाने असतं तर ह्या कशा जगल्या असत्या? बघा की, कशा टणाटण उड्या मारतायत."

ह्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला स्पष्ट दिसलं. आपल्या हातांकडे बघितलं, उलटेसुलटे केले. मग एकदम मान वर केली.

"अंडी घातली कधी पण? बरणीला तर फडकं होतं."

आता मला बाईंचा आवाज जसाच्या तसा आठवला. ही माशी अळीच्या आसपास घुटमळत राहते. अळीने कातडी टाकली आणि कोश नुकता झाला, मऊ आहे, तेवढ्यात ती त्याच्यावर बसते. कोश कडक झाला की तिचं काम होत नाही.

कोश झाला त्या दिवशी हे वाळवीचं काम करून लवकर घरी आले होते. मी बाजारात गेले होते, भुंगी शाळेत. दारातूनच ह्यांनी बरणी पाहिली आणि घाबरले. आपल्या कपड्यांचा वास कोशाला लागेल, म्हणून नाक दाबून बरणी उचलली, गॅलरीत मोकळ्या हवेत नेली, कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून फडकं सोडून ठेवलं आणि स्वतः दुपारभर जिन्यात बसून राहिले. मी आले तेव्हा जिन्यात भेटले. मला कौतुक वाटलं होतं ह्यांचं. मीच फडकं परत बांधलं.

हे माझ्याकडे बघत होते. पाय हलत होता.

"झाडावरूनच आली असणार," मी म्हणाले. "अळी आणली तेव्हाच तिच्यात होती अंडी. आपल्या हातात काही नव्हतं."

शाळेच्या प्रयोगशाळेत मी कधी चुकीचं लेबल लावलं नाही. त्या दुपारी लावलं. ह्यांनी मान डोलावली. बाईंचं शिकवलेलं म्हणजे खरंच असणार.

जिन्यात गुणगुण ऐकू आली. हे उठून उभे राहिले.

"लपव."

"नाही," मी म्हटलं.

भुंगीने दप्तर टाकलं आणि सरळ टेबलाशी आली. सकाळपासून तिला ठाऊकच होतं की काहीतरी आहे. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि ह्यांना सांगितलं तेच तिला सांगितलं, जसं रविवारी सांगते तसं. हे भिंतीला टेकून उभे होते.

तिने खूप वेळ पाहिलं. पाय मोजले, ओठ हलताना दिसले मला.

"म्हणजे फुलपाखरू मेलं."

"हो बाळा."

"ह्यांनी खाल्लं?"

"हो."

"ह्यांना माहीत होतं का ते फुलपाखरू आहे?"

"नाही. त्यांना फक्त भूक माहीत असते."

"मग आजोबांनी नाही मारलं?"

भिंतीपाशी हे हलले. मला कळलं की गेले कित्येक दिवस पोरीच्या मनातही तेच होतं.

"नाही," मी म्हटलं. "आजोबा तर सकाळपासून उन्हात फिरत होते, तुझ्यासाठी दुसरा कोश शोधत. हात बघ त्यांचे."

तिने ह्यांच्या हातांकडे बघितलं. ओरखडे सुजले होते. मग पुन्हा बरणीकडे वळली. "ह्यांना कोंडून ठेवलं तर?"

"मरतील."

"मग सोडूया." आणि जरा थांबून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सोडा फडकं. माझ्याने गाठ सुटत नाही."

गाठ कसली, रबर होतं नुसतं. हे पुढे आले. गॅलरीत बरणी नेली, कठड्यावर ठेवली, रबर काढलं आणि फडकं दोन बोटांत धरून अलगद उचललं. आयुष्यभर असल्या जिवांवर नळी रोखणारा माणूस, आणि एक माशी बोटावर चढली तर हे हात न झटकता तसेच उभे राहिले. ती गेली. सगळ्या गेल्या. काही उजेडाकडे, काही खाली कुंड्यांकडे. बरणीत काडी राहिली आणि तिच्यावर तो भोकाचा कोश.

फोन वाजला. रोजची वेळ.

मी घ्यायला गेले तर भुंगीने आधी उचलला. स्पीकरवर ठेवायची तिची सवय आहे, त्यामुळे लेकीचा आवाज सगळ्या खोलीत आला. थकलेला होता. डॉक्टर येऊन गेले, ठीक म्हणाले, आणखी काही दिवस म्हणाले. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "काय गं भुंगे, आमचं पाहुणं काय म्हणतंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आई, आज बाहेर आली," भुंगी म्हणाली.

"आली?"

"हो. एक नाही आलं, बरीच आली. कोशाला छोटं गोल भोक पाडलं आणि एकामागून एक आली. हिरवी हिरवी चमकत होती. आजोबांनी फडकं काढलं."

"मग?"

"मग उडून गेली. सगळी जिवंत होती आई. एकही मेलं नव्हतं आत."

तिकडून लेक रडायला लागली. मोकळं, पोटापासून रडणं. रडता रडता "बरं झालं, बरं झालं गं" एवढंच म्हणत राहिली. एका कोशातून बरीच कशी आली, हे तिने विचारलं नाही. तिलाही मी लहानपणी याच गोष्टी सांगून वाढवलंय. तिने विचारलं नाही.

"आता तू झोप," भुंगी तिला म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग तिने बरणीतली काडी काढून कुंडीत टाकली, बरणी मोरीत नेली, घासली आणि ओट्यावर पालथी घातली. मी असंख्य बरण्या अशा पालथ्या घातल्या आहेत. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिची गुणगुण ऐकायला कान देऊन उभी होते, पण घरात गुणगुण नव्हती. सकाळपर्यंत मला वाटत होतं की ती एकदाची थांबली तर बरं.

"आजी," ती हात पुसत म्हणाली, "बाळ आलं ना, की मग आईला नीट सांगू. माश्यांचं."

"सांगू."

हे खुर्चीवर बसले होते आणि पाय नुसता थरथरत होता. भुंगी जाऊन शेजारच्या स्टुलावर बसली, अगदी लागून. ह्यांनी सवयीने हात मागे घेतले. तिने हात मागितला नाही. गॅलरीकडे बघत आपला पंजा ह्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवतात तसा. पाय थांबला.